नागपुरातल्या मुलांच्या क्रीडा अकादम्या: फी भरण्याआधी दोरीबाहेर दीड तास बसून पाहा

एप्रिल लागला की रेशीमबागेपासून मानकापूरपर्यंत समर कॅम्पचे फ्लेक्स दिसू लागतात. बहुतेकांवर ट्रॉफी, ब्लेझरमधले सर आणि 'मर्यादित जागा' हे असतंच. आपलं मूल तिथल्या नव्वद मिनिटांत नेमकं काय करणार, हे मात्र कुठल्याच फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. हा आढावा त्या नव्वद मिनिटांचा आहे. यात कुठल्याही अकादमीचं नाव नाही, कारण एकाच अकादमीची सकाळची बॅच उत्तम आणि संध्याकाळची रद्दी असू शकते. सर बदलले की बोर्ड तोच राहतो आणि माल बदलतो. म्हणून तपासायची ती बॅच.

शहराचा क्रीडालौकिक सध्या जोरात आहे. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये बॅडमिंटनच्या इंडिया ओपनला सायना नेहवालला हरवलं. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. याचा चांगला परिणाम म्हणजे मैदानं भरली. वाईट परिणाम असा की आठ वर्षांच्या पोराच्या बापालाही आता 'पाथवे', म्हणजे थेट मोठ्या संघापर्यंतचा रस्ता, हवा असतो, आणि तो विकणारेही तयार असतात. भारताचा वेगवान गोलंदाज, खापरखेड्याच्या उमेश यादवने रणजी पदार्पण केलं ते २००८ साली, एकविसाव्या वर्षी, आणि त्याच्या थोडं आधीपर्यंत त्याचं क्रिकेट टेनिस बॉलचंच होतं. सातव्या वर्षी लेदर बॉल हाती घेतला नाही तर गाडी सुटते, असं सांगणाऱ्या काउंटरवर हे उदाहरण ठेवून पाहा.

शहरात ढोबळमानाने तीन प्रकारची दुकानं आहेत: सार्वजनिक मैदानावरचा जुना क्लब, शाळेच्या मैदानावर शाळा सुटल्यावर चालणारं प्रशिक्षण आणि जाळीतल्या टर्फवरची, म्हणजे कृत्रिम गवतावरची, खासगी अकादमी. तिघांनाही एकच कसोटी लावायची. बॅचमधल्या मधल्या मुलाला काय मिळतं, दोरीबाहेरचे आईबाप कसे वागतात आणि सामना हरल्यावरची पंधरा मिनिटं कशी जातात? पदकांची भिंत या कसोटीत धरू नका. तिच्यावरची अर्धी मुलं दुसरीकडे तयार होऊन आलेली असू शकतात.

दहा मिनिटांची मोजणी

ट्रायलच्या रविवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळेच गोड बोलतात. महिन्याच्या मध्यातला एखादा बुधवार निवडा. बॅचमधलं सगळ्यात तयार पोट्टं सोडा, सगळ्यात कच्चंही सोडा, मधलं एक धरा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे पाहा. चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला? रांगेत तो किती वेळ उभा होता? सरांनी त्याचं नाव घेऊन खेळाबद्दल काही सांगितलं का? दहापैकी सहा मिनिटं रांगेत गेली, तर तुमच्या फीचा मोठा हिस्सा रांगेत उभं राहण्यासाठी जाणार आहे.

क्रिकेटमध्ये हा हिशेब फार निर्दय असतो. एक नेट, पंधरा मुलं, नव्वद मिनिटं, म्हणजे प्रत्येकाला सहा मिनिटं फलंदाजी, मिनिटाला पाच चेंडू धरले तर तीसेक चेंडू. उरलेल्या वेळात चार जण गोलंदाजी करतात, दहा जण जाळीला टेकून मोबाइल गेमच्या गप्पा मारतात. जाणता प्रशिक्षक याच पंधरा मुलांचे पाच-पाचचे तीन गट पाडतो. पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन फेरे: एक गट नेटमध्ये, दुसरा उंच आणि जमिनीलगतच्या झेलांवर, तिसरा एका स्टंपवर थ्रो आणि धावा पळण्यावर. नेटमध्ये एक फलंदाज, चार गोलंदाज. फलंदाजीची मिनिटं यात वाढत नाहीत, उलट सहाची पाच होतात. पण उभं राहणं संपतं, आणि बारा वर्षांखालच्या मुलाला तेच हवं असतं. यासाठी लागतात दोन सहायक, प्लास्टिकचे तीसेक कोन आणि डझनभर जुने बॉल. 'जागा कमी आहे हो' ही सबब इथे चालत नाही.

फुटबॉलमध्ये आठ-नऊ वर्षांची बावीस मुलं पूर्ण मैदानावर सोडलेली दिसली, तर उठून घरी या. चार-पाच धीट मुलं चेंडूमागे पळतात आणि गोलकीपर माती उकरत बसतो. या वयाला चारास चार, साधारण तीस बाय वीस मीटरची जागा, गोलकीपर नाही, एवढं पुरतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगही लहान संघ आणि लहान मैदान याच तत्त्वावर होत्या. चेंडूचा नंबरही विचारा. आठपर्यंत ३ नंबर, बारापर्यंत ४, पुढे ५. पाच नंबरचा चेंडू घेरात ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजनात ४१० ते ४५० ग्रॅम असतो. सात वर्षांच्या पायाला तो जड जातो, म्हणून मूल बोटाच्या टोकाने मारायला शिकतं आणि ती सवय पुढे दोन वर्षं काढावी लागते. सगळ्या वयांना एकच नंबर वापरणाऱ्या ठिकाणी बाकीचे हिशेबही असेच ढिले असण्याची शक्यता मोठी.

क्रिकेटच्या सामानाचंही तेच. तेरा वर्षांखालच्या मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, मोठ्यांचा १५६ ते १६३. आता हेल्मेट: बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश मानक ग्रिलमधून चेंडू आत जातो का हे मोठ्या आणि लहान चेंडूसाठी वेगवेगळं तपासतं. दादाचं मोठं हेल्मेट आणि लहान चेंडू ही जोडी त्यामुळे धोक्याची. आतल्या लेबलवर हेल्मेट कुठल्या चेंडूसाठी पास झालंय हे पाहायचं, आणि चांगली अकादमी हे पहिल्या दिवशी स्वतःच पाहते. बॅट 'पुढची दोन वर्षं चालेल' म्हणून एक साइझ मोठी घेणं हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. जड बॅट उचलायला खालचा हात जोर लावतो, बॅट आडवी येते, आणि मग सर वर्षभर 'स्ट्रेट बॅट' म्हणून ओरडतात.

वॉर्मअपवरून अकादमी पाच मिनिटांत कळते. मैदानाला दोन चकरा, मग वाकून अंगठे धरणे, एवढंच असेल तर ते वेळ भरणं आहे. फिफाचा '११+ किड्स' हा कार्यक्रम फुकट उपलब्ध आहे: सात व्यायाम, प्रत्येकाच्या पाच पायऱ्या, पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. सात ते तेरा वयोगटासाठी युरोपातल्या चार देशांत त्याची चाचणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. तो फुटबॉलसाठी बनवलाय, पण एका पायावर तोल, उडी मारून अलगद उतरणं, पडताना गोल वळणं यातलं बरंचसं कबड्डी-खोखोलाही चालतं. बिघडतं ते एकाच जागी: उडी मारून उतरताना गुडघे आत पडतात आणि कुणी पाहत नाही. सर समोर उभे राहून 'गुडघा बोटांच्या रेषेत' म्हणतात का, तेवढं बघा. म्हणत नसतील तर कार्यक्रम फक्त नावाला.

सरांची भाषा

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) पदविका, बीसीसीआयची लेव्हल, एआयएफएफचं लायसन्स, हे सगळं जरूर विचारा. पण त्या कागदावरून तंत्र कळतं, तोंड कळत नाही. त्यासाठी सरांची वाक्यं ऐकायची. 'अबे झोपला का?', 'किती वेळा सांगायचं?', 'हात आहेत का लोणी?' या वाक्यांत मुलाने पुढच्या चेंडूला काय करायचं याची माहितीच नाही. 'हात चेंडूखाली', 'दोन पावलं आधी निघ', 'मान स्थिर' यांत आहे. आवाज चढलेला असला तरी चालेल. नागपुरात मैदानावर हळू बोलणारा माणूस सापडणं कठीणच. पण दर दोन ओरडण्यांमागे एक तरी सूचना हवी.

अमेरिकेत १९९८ पासून काम करणारी पॉझिटिव्ह कोचिंग अलायन्स ही संस्था प्रशिक्षकांना एका दुरुस्तीमागे पाच शाबासक्यांचं प्रमाण सांगते. आकडा चांगला आहे, पण तो ऐकून काही सर दर चेंडूला 'गुड, गुड, व्हेरी गुड' सुरू करतात, आणि तिसऱ्या दिवशी मुलं ते ऐकणं बंद करतात. शाबासकी नेमकी हवी: 'बॉल सुटला, पण बॅकअपला तूच होतास, छान.' त्याच संस्थेची दुसरी युक्ती जास्त उपयोगाची. चूक झाली की ती झटकून टाकायची एक खूण संघाने आधीच ठरवायची. पँटवर हात पुसणे, बस. ज्याचा झेल सुटला तो हात पुसतो, बाजूचे दोघेही पुसतात आणि खेळ पुढे जातो. यात पोरकटपणा दिसेल. तो नसला की मूल पुढची तीन षटकं खाली मान घालून उभं राहतं आणि दुसरा झेलही सोडतं.

शिक्षा म्हणून चकरा मारायला लावणारी बॅच नाकारावी. पळणं ही शिक्षा आहे हे मुलाच्या डोक्यात एकदा बसलं की स्टॅमिना वाढवायला त्याला कोण पळवणार? मे महिन्यातल्या नागपुरात तर ती शिक्षा जिवावर येऊ शकते.

सामना हरल्यावरची पंधरा मिनिटं पाहायला मिळाली तर बाकी काही पाहायची गरज नाही. नीट चालणाऱ्या ठिकाणी क्रम ठरलेला असतो: समोरच्या संघाशी आणि अंपायरशी हात मिळवणं, पाणी, पाच मिनिटं स्ट्रेचिंग, मग जास्तीत जास्त तीन मिनिटांचं बोलणं. एक गोष्ट चांगली झाली ती नाव घेऊन, एक गोष्ट मंगळवारच्या सरावात सुधारायची ती नाव न घेता. संपलं. बिघडलेल्या ठिकाणी सगळ्या पालकांसमोर अर्धा तास पंचनामा चालतो, शेवटचं षटक टाकणारा पोरगा मध्ये उभा असतो आणि अंपायरला शिव्या घालून सभा बरखास्त होते.

कुणाला खेळवणार याचं धोरण लेखी मागा. दहा वर्षांखाली प्रत्येकाला किमान अर्धा सामना, बारापर्यंत प्रत्येक स्पर्धेत प्रत्येकाला किमान एक पूर्ण सामना, चौदाच्या पुढे निवड, हे वाजवी आहे. 'आम्ही सगळ्यांना संधी देतो' असं तोंडी उत्तर मिळालं तर मागच्या स्पर्धेचं स्कोअरबुक दाखवा म्हणावं. नवव्या ते अकराव्या क्रमांकाच्या मुलांनी किती चेंडू खेळले, किती षटकं टाकली, ते त्यात लिहिलेलंच असतं.

उन्हाचा मामला

इथे कुठलीही सूट देऊ नये. एप्रिल-मेमध्ये बॅच साडेपाचला सुरू होऊन साडेसातला संपायला हवी. सातला सुरू होऊन नऊपर्यंत चालणारं शिबिर स्वस्त असलं तरी घेऊ नका. कूलर-एसीतून आलेल्या मुलाला ऊन सोसायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात तीव्रता आणि वेळ दोन्ही कमी हवेत. नेमकं उलट घडतं: पहिल्या दिवशी उत्साहात दोन तास, आणि तिसऱ्या दिवशी निम्मी बॅच घरी.

पाणी 'तहान लागली की' नाही, घड्याळावर. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर. नव्वद मिनिटांना एक लिटरची बाटली सोबत असली की पुरते. ओआरएसचं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं असतं. अर्ध्या ग्लासात पूर्ण पाकीट ओतलं तर मीठ जास्त होऊन त्रास होतो. दुकानातली गोड फळांच्या चवीची तयार पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्र पाळत नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, तरी लेबल वाचायची सवय ठेवावी. साध्या सरावाला घरचं पन्हं मीठ घालून उत्तम. खिशातला कांदा आजीच्या समाधानासाठी ठेवायला हरकत नाही, बर्फाची पेटी मात्र मैदानावर हवीच.

ती पेटी कशासाठी, हे सहायकाला विचारा. मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या देऊ लागलं, अंग तापलं, तर आधी थंड करणं आणि मग दवाखाना. पॅड-हेल्मेट काढा, सावलीत घ्या, अंगभर गार पाणी ओता, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करा. 'आम्ही लगेच गाडीत घालून नेतो' हे उत्तर चांगलं वाटतं, पण थंड न करता गाडीत घालवलेली मिनिटं सगळ्यात महाग पडतात.

टर्फवाल्यांना इथे एक मोठा वजा गुण. कृत्रिम गवताचं तापमान भर उन्हात ६० अंशांपुढे जाऊ शकतं, आणि संध्याकाळी सहालाही ते पायाला जाणवतं. लाइटखालची रात्री आठची बॅच त्यातल्या त्यात बरी, पण मग मूल दहाला जेवतं, अकराला झोपतं आणि सकाळी शाळेत पेंगतं. टर्फवर टाचदुखीच्या तक्रारीही जास्त ऐकू येतात. आठ ते चौदा वयात टाचेच्या वाढीच्या भागावर ताण येऊन दुखतं. त्याला उपाय म्हणजे उड्या-पळणं कमी करणं, टाचेखाली मऊ पॅड आणि पिंडरीचं स्ट्रेचिंग. 'खेळता खेळता जाईल' हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नये.

भार कोण मोजतं?

बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. मुलाला शाळेचे पीटी सर असतात, क्लबचे सर असतात, अकादमीचे सर असतात. तिघेही आपापलं मोजतात, बेरीज कुणाकडेच नसते. एक सोपा नियम आहे: आठवड्याचे संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत. दहा वर्षांच्या मुलाची अकादमी सहा दिवस दीड-दीड तास, म्हणजे नऊ. शाळेतला सराव दीड तास. रविवारचा सामना तीन तास. झाले साडेतेरा. वर त्याच खेळाची फिटनेस बॅच घ्यायची का, असं विचारणाऱ्या पालकांनी ही बेरीज आधी करावी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आठवड्याला एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत, मुख्य खेळापासून विश्रांती असा आहे. 'वर्षभर विनाखंड सराव' हे फ्लेक्सवर जाहिरात म्हणून छापतात, ते खरं तर इशारा म्हणून वाचायला हवं.

वेगवान गोलंदाजांसाठी वेगळी वही ठेवा. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने बरीच वर्षं वापरलेली मर्यादा सोपी आहे: तेरापर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग टप्प्यात, ५ आणि दिवसात १० षटकं, चौदा-पंधराला ६ आणि १२, सोळा-सतराला ७ आणि १८. नेटमधले चेंडूही वहीत मोजा, कारण खरा भार तिथेच पडतो. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाची कंबर डाव्या बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर तो मणक्याचा स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतो. गोलंदाजी त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. स्प्रे मारून सामना खेळवणारे सर तुमचे हितचिंतक नाहीत. डोक्याला चेंडू लागला तर उभं राहून हसणारं मूलसुद्धा त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, यावर वाद घालू नये. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय.

दोरीबाहेरचे आईबाप

प्रशिक्षणाचा अर्धा दर्जा पालक ठरवतात, आणि हे मान्य करणारी अकादमी क्वचित. ज्या ठिकाणी पालकांसाठी एक पानी नियम सहीसह घेतात, ते ठिकाण निम्मं पास झालं समजा. त्या पानावर काय हवं? दोरी सीमारेषेपासून दहा पावलं मागे. आतल्या मुलाला सूचना द्यायची नाही, टाळ्या मात्र दोन्ही संघांना. अंपायरशी बोलायचं ते फक्त संघ व्यवस्थापकाने. खेळवण्या-न खेळवण्याबद्दल सरांशी बोलणं सामन्यानंतर चोवीस तासांनी, फोनवर, मुलाच्या माघारी. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त सरांना पोस्ट करता यावं. नाहीतर 'सर, आमच्या आर्यनला ओपनिंग काऊन नाही?' यापासून सुरुवात होऊन रात्री साडेअकराला दोन कुटुंबं आयुष्यभरासाठी एकमेकांशी बोलणं बंद करतात.

नियमांपेक्षा काम देणं जास्त चालतं. सर्वांत जास्त ओरडणाऱ्या काकांच्या हातात स्कोअरबुक द्या. लेग बाय आणि बाय वेगळे लिहिताना माणसाला ओरडायला वेळ मिळत नाही. कुणाकडे पाणी, कुणाकडे प्रथमोपचाराची पेटी, कुणाकडे गाड्यांची वाटणी. ही पाळी दर सामन्याला फिरवली की निकालावर हक्क सांगणारे पालकही संघाचे होतात.

सामन्यानंतर घरी जाताना ॲक्टिव्हावर मागे बसलेल्या मुलाला सिग्नलगणिक सामन्याचं विश्लेषण ऐकवणं, हे मुलांना खेळ नकोसा होण्याचं मोठं कारण आहे. किट खांद्यावर, हेल्मेट डोक्यात, उतरून पळताही येत नाही. जाणते सर पालकसभेत एवढंच सांगतात: घरी पोहोचेपर्यंत खेळाचा विषय मुलाने काढला तरच. तुम्ही काढायचा तो पोहे साधे खायचे की तर्री घेऊन, हा.

विचारायला लाज वाटते ते

शौचालय आणि कपडे बदलायची जागा मुलींसाठी वेगळी आहे का, कडी आतून लागते का, स्वतः आत जाऊन पाहा. मुलींच्या बॅचला एक तरी महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक हवी, बाहेरगावच्या स्पर्धेला तर सक्तीने. कुठल्याही प्रशिक्षकाने मुलासोबत खोली वाटून घ्यायची नाही, मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, सरावाची वेळ कळवायची ती पालकांच्या ग्रुपवर. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव बोर्डवर हवं, आणि ती व्यक्ती सर स्वतः किंवा त्यांची बायको नसावी. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'आपसात मिटवू' ही सोय कायद्यात नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. हे प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या संचालकाने तुमचं काम सोपं केलं असं समजा.

पैसे आणि वय

प्रवेश फी, मासिक फी, किट, स्पर्धेची एंट्री, प्रवास, हे पाच आकडे वेगवेगळे लिहून घ्या. फक्त मासिक फीची तुलना केली तर जुना क्लब आणि खासगी अकादमी यांत जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं, पाचही धरले की ते कधी वाढतं, कधी बरंच कमी होतं. वर्षाची फी एकदम भरून मिळणारी सवलत नाकारा, तिमाही भरा. नववीत गेल्यावर फाउंडेशनचे क्लास सुरू होतात आणि मूल मैदान सोडतं, हा इथला नेहमीचा क्रम. त्या वेळी परतावा मिळवणं म्हणजे वेगळाच खेळ. 'असोसिएशनच्या टीममध्ये सिलेक्शन करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका, रात्री उशिरा अर्धी रक्कम सांगितली तरीही नाही. जन्मदाखल्यात वर्ष कमी करून देण्याची ऑफर त्याच पिशवीतली. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढते, आणि खोटा दाखला सापडला की बंदी मुलावर येते, दलालावर नाही.

मग क्लब, शाळा आणि टर्फ या तिघांतलं कुठलं? दहा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या मैदानावरचं प्रशिक्षण पुरतं, अटी दोनच, एका सरांमागे पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत आणि वर्षात दोन तरी खेळ खेळवले जावेत. दहा ते चौदासाठी सार्वजनिक मैदानावरचा नीट चालणारा जुना क्लब सगळ्यात वसूल. तिथे वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली मुलं एकत्र येतात, मोठी पोरं लहानांना सरावासाठी चेंडू टाकतात, आणि सामने भरपूर. कमजोर बाजू शौचालय, सावली आणि कागदपत्रं. टर्फची अकादमी पावसाळ्यात कामाची, आणि व्हिडिओवर तंत्र सुधारायचं असेल तर चौदाच्या पुढे. त्याआधी तिथे मोजता तो पैसा मुख्यतः लाइट आणि पार्किंगचा.

दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडागुणांसाठी किंवा सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी येणाऱ्यांनी मात्र सरांना पहिल्याच दिवशी विचारावं, की तुम्ही मुलांना शालेय शासकीय स्पर्धांच्या १४, १७, १९ वर्षांखालच्या गटांत उतरवता की फक्त खासगी लीगमध्ये? खासगी लीगची प्रमाणपत्रं जाड कागदावर असतात, पण अर्जाला जोडायला त्यांचा उपयोग होत नाही. आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी आठवड्यात दोन दिवसांची बॅच ठेवतात का, हेही तेव्हाच विचारून घ्या. ठेवणारी ठिकाणं शहरात थोडी आहेत, आणि जागा खरोखर मर्यादित असतात त्या तिथेच.